मुक्त सॉफ्टवेअर-समुदायांतील नवागत आणि स्वयंसेवी मार्गदर्शक

ज्या संस्थेत प्रवेशाला शुल्क नाही, बहुतेकांच्या कामाला वेतन नाही आणि काम सोडून जाण्यास कोणाची परवानगी लागत नाही, अशा संस्थेत नवी माणसे टिकतात कशी, हा प्रश्न समाजशास्त्राच्या आणि संगणकशास्त्राच्या अभ्यासकांना सारखाच विचार करावयास लावणारा आहे. मुक्त सॉफ्टवेअर निर्माण करणारे समुदाय ही अशा संस्थांची आपल्या काळातील सर्वांत ठळक उदाहरणे होत. या समुदायांनी लिहिलेल्या आज्ञावल्यांवर आज जगातील संगणकव्यवहाराचा फार मोठा भाग उभा आहे. त्यांच्या सभासदांपैकी काहींना त्यांच्या कंपन्या या कामाचे वेतन देतात हे खरे. तथापि समुदायाच्या दारात प्रथम येणारा मनुष्य बहुधा स्वेच्छेने येतो, आणि त्याला हाताशी धरून आत घेणाराही हे काम बहुधा स्वेच्छेनेच पत्करतो. या दोघांची गाठ घालून देण्याची व्यवस्था कशी असावी, ती नसली तर काय घडते आणि असली तरी तिच्यात कोणते दोष शिरू शकतात, याचा विचार प्रस्तुत लेखात काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे केला आहे.

1. डेबियनचे बंद दार

डेबियन हा प्रकल्प ऑगस्ट 1993 मध्ये इयन मरडॉक यांनी सुरू केला. लिनक्सच्या गाभ्याभोवती हजारो लहानमोठी सॉफ्टवेअरे एकत्र बांधून एक संपूर्ण कार्यप्रणाली सिद्ध करावयाची, आणि हे काम कोणा कंपनीच्या आश्रयाने न करता स्वयंसेवकांच्या सहकार्याने करावयाचे, असा त्यांचा संकल्प होता. प्रत्येक सॉफ्टवेअर 'पॅकेज' या स्वरूपात बांधले जाते आणि त्या पॅकेजची देखभाल एखादा सभासद आपल्याकडे घेतो. अशा पॅकेजांची व सभासदांची वाढ प्रारंभी फार झपाट्याने झाली. डिसेंबर 1996 च्या आवृत्तीत 848 पॅकेजे होती व त्यांची देखभाल 120 सभासद करीत होते. जुलै 1998 मधील आवृत्तीच्या वेळी पॅकेजांची संख्या 1,500 च्या वर गेली आणि सभासद 400 हून अधिक झाले. दीड वर्षाच्या अवधीत सभासदसंख्या तिपटीने वाढली.

यानंतर मात्र एक विलक्षण गोष्ट घडली. 1999 च्या उत्तरार्धात डेबियनने नवे सभासद घेणेच थांबविले. येऊ इच्छिणाऱ्यांची उणीव पडली म्हणून नव्हे. उलट येणारे पुष्कळ होते, पण त्यांना पारखून आत घेणारी माणसे मोजकी होती. डेबियनच्या सभासदाने भांडारात ठेवलेले पॅकेज जगभरच्या असंख्य संगणकांवर, तेथील सर्वाधिकारांनिशी, बसविले जाते. त्यामुळे कोणालाही सभासदत्व देणे म्हणजे अपरिचित लोकांच्या घराची किल्ली त्याच्या हाती देण्यासारखे होते. विश्वासाची परीक्षा तर आवश्यक, आणि परीक्षक तर अपुरे, या कोंडीतून वाट निघेपर्यंत दार बंद ठेवण्यात आले. ऑगस्ट 2000 मध्ये पुढील आवृत्ती प्रसिद्ध झाली तेव्हा सभासद 450 च्या थोडे वर होते. ज्या संस्थेने दीड वर्षात जवळजवळ तीनशे माणसे मिळविली, तिला पुढील दोन वर्षांत पन्नासाच्या आसपासच भर घालता आली.

या प्रसंगावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. स्वयंसेवी समुदायाच्या वाढीची मर्यादा बाहेर उभ्या असलेल्या इच्छुकांच्या संख्येने ठरत नाही. आत असलेल्या अनुभवी माणसांपाशी नवागतांसाठी किती वेळ शिल्लक आहे, यावर ती ठरते.

2. नव्या माणसाची किंमत

नवी माणसे आली की काम लवकर होईल, ही समजूत सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात टिकत नाही, हे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 साली आपल्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या ग्रंथात दाखवून दिले. आय.बी.एम. कंपनीत सिस्टिम 360 या संगणकांच्या कार्यप्रणालीचे काम त्यांनी सांभाळले होते. त्या अनुभवावरून त्यांनी असे प्रतिपादन केले की, रखडलेल्या प्रकल्पात ऐन वेळी माणसे वाढविल्यास तो अधिकच रखडतो. याची कारणे मुख्यतः दोन. पहिले असे की, नवागताला शिकविण्याचे काम जुन्या जाणत्यांनाच करावे लागते; म्हणजे जे सर्वांत उपयुक्त, त्यांचाच वेळ प्रथम खर्ची पडतो. दुसरे असे की, माणसांची संख्या वाढली की त्यांच्यातील परस्परसंपर्काचे मार्ग त्याहून कितीतरी वेगाने वाढतात. दहा माणसांत दोघादोघांच्या 45 जोड्या होतात. पन्नास माणसांत त्या 1,225 होतात.

ब्रुक्स यांचे विवेचन वेतनावर चालणाऱ्या कार्यालयासंबंधी होते. स्वयंसेवी समुदायाला ते लागू करताना एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. कार्यालयात वरिष्ठ आज्ञा करू शकतो: अमक्याने तमक्याला दोन महिने शिकवावे. नवागत काम सोडून जाण्याचीही भीती थोडी, कारण तो नोकरीने बांधलेला असतो. स्वयंसेवी समुदायात यांपैकी काहीच गृहीत धरता येत नाही. मार्गदर्शकाने ज्याच्यासाठी तीस तास खर्च केले, तो नवागत एकतिसाव्या तासाला काही न सांगता दिसेनासा होऊ शकतो. मार्गदर्शकही थकला की निरोप न घेता दूर होऊ शकतो. म्हणून येथे शिकविण्याच्या किमतीबरोबर ती किंमत वाया जाण्याची शक्यताही हिशेबात धरावी लागते. मार्गदर्शनाची संघटना म्हणजे वस्तुतः या दोन गोष्टींचा बंदोबस्त होय.

ही संघटना नसताना नवागत आपल्या बळावर प्रवेश मिळवीत नाहीत असे नाही. जॉर्ज फॉन क्रोग, सेबास्टियन श्पेट आणि करीम लखानी यांनी फ्रीनेट या प्रकल्पाचा अभ्यास करून 2003 साली असे दाखविले की, जे पुढे स्वीकृत विकासक झाले त्यांच्या वागण्यात एक अलिखित संहिता आढळते. ते प्रथम काही काळ मुकाट्याने इतरांचे काम पाहतात. 'मला काही काम सांगा' असे मोघम न म्हणता एखादी प्रत्यक्ष दुरुस्ती घेऊन पुढे येतात. परंतु ही संहिता कोठेही लिहिलेली नसते. जो ती घरी, मित्रमंडळीत किंवा पूर्वीच्या कामात शिकला, तो आत जातो. ज्याला ती ठाऊक नाही, तो गुणवान असूनही दाराशीच राहतो.

3. श्रमविभागाचा उपाय

डेबियनने 2000 साली प्रवेशाची जी नवी पद्धती अमलात आणली, तिच्यात या प्रश्नाचा एक विचारपूर्वक शोध दिसतो. पूर्वी जे काम चार-दोन अधिकाऱ्यांच्या शिरावर एकवटले होते, त्याचे तुकडे करून ते अनेक सभासदांत वाटण्यात आले.

इच्छुकाने प्रथम आपली ओळख पटवावयाची. त्यासाठी त्याच्या अंकीय स्वाक्षरीच्या किल्लीवर एखाद्या जुन्या सभासदाची साक्ष असावी लागते. त्यानंतर त्याचे काम जवळून पाहिलेला सभासद त्याची शिफारस करतो. मग एका स्वयंसेवी अर्ज-परीक्षकाकडे त्याला सोपविले जाते. हा परीक्षक त्याच्याशी प्रकल्पाची तत्त्वे व कार्यपद्धती यांवर प्रश्नोत्तरे करतो, त्याच्या कौशल्याची प्रत्यक्ष कामावरून पारख करतो आणि शेवटी अहवाल लिहितो. अर्जांची वाटणी व पाठपुरावा करण्यासाठी एक वेगळे स्वागतपथक असते, आणि अंतिम निर्णय खाते-अधिकाऱ्यांचा असतो. सभासदत्व मिळण्यापूर्वीच्या काळात नवागताला हात बांधून बसावे लागत नाही. त्याने बांधलेले पॅकेज एखादा सभासद तपासतो आणि पुरस्कर्ता या नात्याने स्वतःच्या स्वाक्षरीने भांडारात दाखल करतो. पॅकेजात दोष निघाल्यास पुरस्कर्त्यालाही त्याचे उत्तर द्यावे लागते. त्यामुळे तपासणी वरवरची होत नाही, आणि नवागताला आपल्या चुका एका जाणत्याकडून नेमक्या कळतात.

या रचनेतील मर्म असे की, कोणाही एका माणसाला नवागताची सर्व जबाबदारी पेलावी लागत नाही. शिफारस करणाऱ्याला थोडा वेळ द्यावा लागतो, परीक्षकाला अधिक, पुरस्कर्त्याला प्रत्येक पॅकेजापुरता. जो वर्षातून एकाच अर्जाची परीक्षा करू शकेल, त्याच्याही सवडीचा उपयोग होतो. जुलै 2002 मधील आवृत्तीच्या वेळी डेबियनचे सभासद 900 च्या वर गेले होते. या वाढीचे सर्व श्रेय नव्या पद्धतीलाच द्यावे असे नाही. लिनक्सचा प्रसारही त्या काळात जोराने होत होता. परंतु तो प्रसार 1999 मध्येही होत होता, आणि तेव्हा दार बंद करावे लागले होते, हे विसरता येत नाही.

या पद्धतीवर दीर्घसूत्रीपणाचा आक्षेप वारंवार घेण्यात आला. परीक्षा पूर्ण होण्यास कित्येकांना महिनेच नव्हे, तर वर्षही लागे. तेव्हा प्रकल्पाने शिडीला आणखी पायऱ्या जोडल्या. 2007 साली मतदानाने एक मधली श्रेणी निर्माण झाली. या श्रेणीतील व्यक्तीला ठराविक पॅकेजे पुरस्कर्त्यावाचून दाखल करता येतात. 2010 साली आणखी एक ठराव होऊन, जे पॅकेजे बांधीत नाहीत पण भाषांतर, दस्तऐवज-लेखन अथवा अन्य कामे करतात, त्यांनाही पूर्ण सभासदत्वाचा मार्ग मोकळा झाला. परीक्षा सौम्य करण्यापेक्षा तिचे टप्पे पाडणे अधिक हितावह, हा धडा यातून मिळतो.

4. उमेदवारीचा क्रम

नवागताला प्रथम कोणते काम द्यावे, हा मार्गदर्शनातील सर्वांत नाजूक प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना जीन लेव्ह व एतिएन वेंगर यांच्या 1991 सालच्या 'सिच्युएटेड लर्निंग' या छोट्या ग्रंथाचा आधार अनेक संशोधक घेतात. लेव्ह यांनी लायबेरिया देशातील शिंप्यांच्या उमेदवारीचे निरीक्षण केले होते. तेथे शिकाऊ मुलगा कपडा तयार होण्याच्या क्रमाने काम शिकत नाही. उलट क्रमाने शिकतो. प्रथम बटणे लावणे व कडा दुमडून शिवणे, मग तुकडे जोडून शिवणे, आणि सर्वांत शेवटी कापड बेतणे. याचे कारण उघड आहे. बटण चुकले तर उसवून पुन्हा लावता येते. बेतताना कात्री चुकली तर कापड वाया जाते. शिवाय बटणे लावताना उमेदवाराच्या हाती अख्खा कपडा असतो, आणि आपले लहानसे काम कोणत्या मोठ्या कामाचा भाग आहे हे त्याला दिसत राहते. असे काम लहान असले तरी खरे असते. सरावासाठी दिलेली ती खोटी चिंधी नसते.

सॉफ्टवेअर-समुदायांनी हाच क्रम आपल्या परीने अंगीकारला आहे. लिबरऑफिस हा प्रकल्प सप्टेंबर 2010 मध्ये स्थापन झाल्यावर त्याने नवागतांसाठी सोप्या कामांची एक निराळी यादी राखावयास आरंभ केला. मोझिला प्रकल्पातही पहिल्या प्रयत्नास योग्य अशा दोषांवर विशेष खूण करण्याची, आणि काही दोषांपुढे मार्गदर्शकाचे नाव लिहून ठेवण्याची प्रथा पडली. हे नाव लिहिणे वरवर क्षुल्लक वाटते. परंतु त्याचा परिणाम मोठा आहे. 'काही अडल्यास कोणासही विचारा' असे सांगितले की कोणासच विचारण्याचे धैर्य होत नाही, आणि उत्तर देणे हे कोणाचेच काम राहत नाही. 'अमक्यांना विचारा' असे लिहिले की विचारणाऱ्याचा संकोच कमी होतो व उत्तराची जबाबदारी निश्चित होते.

मात्र सोपे काम राखून ठेवणे ही मार्गदर्शकाच्या दृष्टीने सोपी गोष्ट नाही. जी दुरुस्ती तो स्वतः दहा मिनिटांत करू शकतो, ती न करता तशीच सोडावयाची, तिचे वर्णन नवख्यास कळेल अशा भाषेत लिहावयाचे, आणि मग नवागताने केलेला प्रयत्न दोन-तीनदा परत पाठवून सुधारून घ्यावयाचा, यात तासच्या तास जातात. कामाच्या दृष्टीने हा तोटाच आहे. त्यातून काम न उरकता माणूस तयार होतो, हे ज्या समुदायाला मनापासून पटलेले असते, तेथेच अशी यादी जिवंत राहते. अन्यत्र ती एकदा तयार होते व काही महिन्यांत शिळी पडते.

5. दारापर्यंत न येणारे

येथवर ज्या नवागतांचा विचार झाला, ते निदान दारापर्यंत आलेले होते. काही समूह दारापर्यंतही येत नाहीत, ही गोष्ट 2006 साली ग्नोम या प्रकल्पाच्या निदर्शनास आली. गूगल कंपनीने 2005 साली 'समर ऑफ कोड' हा उपक्रम सुरू केला होता. त्यात विद्यार्थ्याने उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या मुक्त सॉफ्टवेअर-प्रकल्पात, तेथील मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काम करावयाचे, आणि कंपनीने त्याला मानधन द्यावयाचे, अशी योजना होती. पहिल्या वर्षी विद्यार्थ्यास 4,500 डॉलर व प्रकल्पास 500 डॉलर देण्यात आले. 2006 च्या फेरीत ग्नोमकडे 181 अर्ज आले. त्यांत एकही स्त्रीचा नव्हता.

तेव्हा हॅना वॉलॅक व ख्रिस बॉल यांच्या पुढाकाराने त्याच उन्हाळ्यात केवळ स्त्रियांसाठी एक लहान उपक्रम योजण्यात आला. प्रकल्प तोच, काम त्याच स्वरूपाचे. पण निमंत्रण स्पष्ट होते. या वेळी सुमारे 100 स्त्रियांनी अर्ज केले व सहा जणींची निवड झाली. इच्छा व पात्रता पूर्वीही होती. आपल्याला येथे कोणी हात देईल, हा विश्वास मात्र नव्हता. पुढे मारिना झुराखिन्स्काया यांनी हा उपक्रम पुनरुज्जीवित केला आणि डिसेंबर 2010 पासून तो नियमितपणे चालू झाला. पहिल्या फेरीत आठ जणी होत्या. 2013 मध्ये लिनक्सच्या गाभ्याचा प्रकल्पही त्यात सामील झाला. 2015 मध्ये त्याला 'आउटरीची' हे नाव मिळाले, आणि सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात ज्यांचे प्रमाण अत्यल्प आहे अशा इतर समूहांसाठीही तो खुला करण्यात आला.

या उपक्रमाची निवडपद्धती विशेष लक्ष देण्याजोगी आहे. अर्जदाराने निवडीपूर्वीच प्रकल्पात एखादे लहानसे प्रत्यक्ष काम करावयाचे असते, आणि ते करताना मार्गदर्शकाने त्याला साहाय्य करावयाचे असते. त्यामुळे फ्रीनेटसंबंधी वर सांगितलेली अलिखित संहिता येथे लिहून, समजावून व हाती धरून शिकविली जाते. निवड न झालेल्यांनाही हे शिक्षण मिळालेलेच असते. मार्गदर्शकालाही अर्जातील शब्दांवर विसंबावे लागत नाही. नवागत प्रश्न कसे विचारतो, चूक दाखविली असता काय करतो, हे त्याने स्वतः पाहिलेले असते.

नवागतांच्या अडचणी केवळ तांत्रिक नसतात, याला संशोधनाचाही आधार आहे. ब्राझीलमधील इगोर स्टाइनमाकर आणि त्यांचे सहकारी यांनी 2015 साली मुलाखती व प्रश्नावल्या यांवरून 58 अडथळ्यांची एक रचना मांडली. त्यांपैकी 13 सामाजिक स्वरूपाचे होते. प्रश्नास उत्तरच न मिळणे, फार उशिरा मिळणे, तुटकपणे मिळणे, प्रश्न विचारण्याची लाज वाटणे, मार्गदर्शक न सापडणे, अशा या अडचणी आहेत. यांतील बहुतेक दूर करण्यास यंत्र लागत नाही. वेळेवर उत्तर देणारा मनुष्य लागतो.

6. मार्गदर्शकाच्या वेळेचा हिशेब

हा मनुष्य कोठून आणावयाचा? आउटरीचीच्या नियमांप्रमाणे मार्गदर्शकाने प्रत्येक उमेदवारासाठी आठवड्यास किमान पाच तास द्यावयाचे असतात. उमेदवारीचा काळ तीन महिन्यांचा, म्हणजे सुमारे तेरा आठवड्यांचा. एका उमेदवारामागे हे 65 तास झाले. त्यात निवडीपूर्वीच्या आठवड्यांतील श्रम धरलेले नाहीत. दहा उमेदवार घेऊ इच्छिणाऱ्या प्रकल्पाने आपल्या अनुभवी सभासदांचे साडेसहाशे तास प्रथम बाजूस काढून ठेवले पाहिजेत. हा हिशेब न करता उत्साहाने उमेदवार घेणारे प्रकल्प नवागतांस निराश करतात व आपल्या उत्तम सभासदांस थकवितात.

म्हणून सुव्यवस्थित समुदायांत मार्गदर्शक व नवागत यांच्याबरोबर एक तिसरी व्यक्ती असते, ती म्हणजे संयोजक. संयोजक शिकवीत नाही. नवागतांस मार्गदर्शकांत वाटून देणे, एका मार्गदर्शकावर अधिक भार पडू न देणे, मार्गदर्शक आजारी वा कामात असल्यास दुसरा नेमणे, आणि कोणी नवागत आठवडाभर गप्प झाला तर विचारपूस करणे, ही त्याची कामे. एका उमेदवारास शक्य तेथे दोन मार्गदर्शक द्यावेत, ही प्रथाही याच अनुभवातून पडली आहे. दोन मार्गदर्शक निरनिराळ्या देशांत असल्यास दिवसातील अधिक काळ कोणीतरी उत्तर देण्यास उपलब्ध राहतो, हा आणखी एक लाभ.

मार्गदर्शनाची तयारी न करता नुसते निमंत्रण दिल्यास काय होते, याचे उदाहरण ऑक्टोबर 2020 मध्ये दिसले. 'हॅकटोबरफेस्ट' या 2014 पासून चालत आलेल्या वार्षिक उपक्रमात, त्या महिन्यात कोणत्याही मुक्त प्रकल्पास चार दुरुस्त्या पाठविणाऱ्यास एक सदरा भेट मिळत असे. त्या वर्षी असंख्य प्रकल्पांवर निरर्थक दुरुस्त्यांचा वर्षाव झाला. कोणी एखादा शब्द घाली, कोणी स्वल्पविराम हलवी. देखभाल करणाऱ्यांचे दिवस त्या नाकारण्यात गेले. अखेर संयोजकांना महिना संपण्यापूर्वीच नियम बदलावा लागला, आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून संमती दिली असेल तेथीलच दुरुस्त्या ग्राह्य धरण्याचे ठरले. या दुरुस्त्या पाठविणाऱ्यांपैकी कित्येक जण प्रामाणिक शिकाऊ असतील. पण त्यांना विचारावयास माणूस नव्हता, आणि मोजदाद मात्र दुरुस्त्यांची होती. अलीकडे यंत्राकडून लिहवून घेतलेला कोड पाठविण्याचा प्रघात पडल्याने हा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. पाठविलेली दुरुस्ती पाठविणाऱ्यास समजली आहे की नाही, हे आता दुरुस्तीकडे पाहून कळत नाही. ती त्याच्याकडून समजावून घ्यावी लागते, आणि त्यासाठी पुन्हा मार्गदर्शकाचाच वेळ लागतो.

7. फलश्रुतीचा प्रश्न

अशा संघटित मार्गदर्शनाने खरोखर काय साधते? या प्रश्नाला संशोधनाने दिलेले उत्तर एकेरी नाही. फॅबियन फागरहोल्म व सहकारी यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शकाचे हेतुपुरस्सर साहाय्य मिळाले, ते इतर नवागतांच्या मानाने लवकर कार्यप्रवण झाले. उलट पक्षी, एड्रियान लाबुस्खाग्ने व रीड होम्स यांनी 2015 साली मोझिलातील व्यवस्थेचे परीक्षण केले, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट दिसली. मार्गदर्शनयुक्त कामांतून प्रवेश केलेले लोक दीर्घकाळचे सभासद होण्याचे प्रमाण, अशा साहाय्यावाचून आलेल्यांपेक्षा कमी होते.

या दोन निष्कर्षांत दिसतो तितका विरोध नाही. साहाय्यावाचून जे आत येतात, ते अडथळ्यांच्या चाळणीतून गाळून आलेले असतात. त्यांची चिकाटी प्रारंभीच सिद्ध झालेली असते. मात्र त्या चाळणीत किती योग्य माणसे गळून पडली, हे त्यांच्याकडे पाहून कधीच कळत नाही. मार्गदर्शनाने प्रवेश सुकर केला की अधिक माणसे आत येतात, आणि त्यांतील काही थोडे पाहून परत जातात, हे स्वाभाविक आहे. परंतु या स्पष्टीकरणाने समाधान मानून थांबणे बरे नव्हे, कारण व्यवस्थेतही एक दोष असू शकतो. कित्येकदा नवागत एका मार्गदर्शकाला ओळखतो. समुदायाला ओळखत नाही. त्याचे सर्व प्रश्न एकाच व्यक्तीपाशी जातात, खाजगीत सुटतात, आणि मुदत संपली किंवा मार्गदर्शक दुसऱ्या कामास लागला की त्याचा धागा तुटतो. मानधनाच्या उपक्रमांत ही भीती अधिक असते, कारण तेथे समाप्तीचा दिवस आधीच ठरलेला असतो.

यावर उपाय असा की, मार्गदर्शकाने स्वतःला क्रमाक्रमाने अनावश्यक करीत जावे. प्रारंभी प्रश्न आपल्याकडे घ्यावेत. काही दिवसांनी 'हा प्रश्न सर्वांसमक्ष विचारा' असे सांगावे. पुढे ज्या सभासदाचा तो विषय आहे त्याच्याशी गाठ घालून द्यावी. आणि शेवटी दुसऱ्या एखाद्या नवागताच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास त्यालाच सांगावे. डेबियनच्या पद्धतीत शिफारस करणारा, पुरस्कर्ता व परीक्षक या निरनिराळ्या व्यक्ती असतात, याचा एक अनुषंगिक लाभ येथे ध्यानात येतो: सभासदत्व मिळेपर्यंत नवागताची अनेकांशी कामापुरती का होईना, ओळख झालेली असते.

8. उपसंहार

'समर ऑफ कोड'मध्ये निवड होणाऱ्यांत भारतीय तरुणांचा वाटा गेली अनेक वर्षे फार मोठा आहे. 2022 पासून हा उपक्रम विद्यार्थ्यांपुरता न राहता मुक्त सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातील सर्व प्रौढ नवागतांसाठी खुला झाला. आपल्या विद्यापीठांतील विभागांच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ निवड झालेल्यांची नावे फलकावर लावण्यापुरता मर्यादित नसावा. निवड झालेला विद्यार्थी पुढील वर्षी त्याच प्रकल्पात मार्गदर्शक म्हणून उभा राहिला की नाही, आणि त्याच्या मागून येणाऱ्यांस ती अलिखित संहिता त्याने शिकविली की नाही, ही त्याची खरी कसोटी होय.

कोणत्याही स्वयंसेवी समुदायाची मार्गदर्शनव्यवस्था पारखताना किती नवागत आले, याची गणना सहज होते आणि तिचे आकडे भूषणावह दिसतात. त्यापेक्षा दोन प्रश्न अधिक उपयोगी आहेत. गेल्या वर्षीच्या मार्गदर्शकांपैकी किती जण या वर्षी आपण होऊन परत आले? आणि या वर्षीच्या मार्गदर्शकांत पूर्वीचे नवागत किती? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून समुदायाने आपल्या जाणत्यांचा वेळ जपला की उधळला, हे कळते. दुसऱ्यावरून कळते की समुदायात आलेली माणसे पाहुणी म्हणून राहिली की घरची झाली. 1999 साली डेबियनपुढे जी कोंडी उभी राहिली, ती दारे सताड उघडून सुटली नसती आणि बंद ठेवूनही सुटली नसती. दारापाशी आळीपाळीने उभे राहणारी माणसे तयार करण्यानेच ती सुटली. आणि अशी माणसे काल बाहेर उभी असलेल्यांतूनच घडवावी लागतात.